मराठीचा पहिला तास

जूचंद्र गावच्या यमुनाने दहावीचा फॉर्म भरला तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती आणि तिची लेक जागृती त्याच वर्षी दहावीत होती. साल होतं शहाण्णव. गावच्या अंगणवाडीत यमुना मदतनीस होती. पोरांना गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. सेविका व्हायचं तर दहावी पाहिजे, असं सुपरवायझर बाई दोनदा बोलून गेल्या. मग ती एक दिवस आपल्या जुन्या शाळेत जाऊन दाखला घेऊन आली. आठवीतून शाळा सोडली, कारण : पालकांची विनंती. तिचे आई-बाप मिठागरावर जायचे आणि धाकटा भाऊ तेव्हा आठ महिन्यांचा होता, हे दाखल्यात कुठे नव्हतं.

सासू भागूबाई म्हणाली, "या वयात काय शिकतेस गो? लेकीचा लगीन कराचा का तुजा शिकाचा?" नवरा चंद्रहास सातिवलीला एका प्लास्टिकच्या युनिटमध्ये मशीनवर होता. पुढच्या पगाराला त्याने एक टेबललॅम्प आणला आणि तो जागृतीच्या नाही, दोघींच्या मध्ये ठेवला.

पुस्तकं जागृतीचीच. दुपारी तांदूळ निवडता निवडता यमुना मराठीचं पुस्तक मांडीवर उघडायची. त्यात एक गोष्ट होती, तुळसा नावाच्या मुलीची. तुळसा रोज नदीत पोहते. एक दिवस घाटावरच्या बायका तिला सांगतात, आता पुरे झालं, आता तू लहान नाहीस. दुसऱ्या दिवशी पाण्यातून मैत्रिणी हाका मारत असतात, ती गुडघाभर पाण्यात उभी राहते आणि कोरडे केस घेऊन घरी येते. आई काही न विचारता तिची वेणी घालते. तिथे गोष्ट संपते. यमुनाने ती सात-आठ वेळा वाचली. दर वेळी वाटायचं, आपल्याला काहीतरी विचारायचंय. पण कोणाला विचारणार? जागृती म्हणायची, "आई, गाईडमध्ये सगळं दिलंय."

गाईडात सगळं होतं खरं. तरी एका सकाळी यमुना लेकीबरोबर शाळेत गेली आणि मराठीच्या विनिता बाईंना फाटकाशी गाठलं. बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, विरारला राहायच्या. उंच, थोड्या वाकून चालणाऱ्या. यमुनाने घाईघाईने सांगितलं, बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, ती नदीवाली गोष्ट समजते पण पुरती समजत नाही.

बाईंनी घड्याळात पाहिलं. "पहिला तास माझाच आहे. आजपासून तोच धडा घेतेय. तीन दिवस चालेल. बसा शेवटच्या बाकावर."

"बाहेरचं मानूस चालतं?"

"मुख्याध्यापकांना मी सांगते."

अंगणवाडी दहाला उघडायची. यमुना जाऊन शेवटच्या बाकावर बसली. बाकावर कोणीतरी कर्कटकाने नाव कोरलं होतं, त्यावर तिने तळहात ठेवला. तिसऱ्या बाकावर जागृतीची वेणी दिसत होती. ती वेणी तासभर जराही हलली नाही.

बाईंनी गोष्ट मोठ्याने वाचली. यमुनाला वाटलं, आपण वाचली ती ही नव्हेच. घरी वाचताना शब्द पुढे सरकत जायचे. बाई वाचताना मध्येच थांबत, आणि त्या थांबण्यात नदी दिसे. चाळीस पोरं एकाच पानावर बोट ठेवून बसली होती. फळ्यावर तारीख होती. घंटा झाली तेव्हा यमुनाला कळलं की तिने वहीत एक अक्षर लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "तुळसा मोठी कधी झाली?"

हात वर झाले. एकजण म्हणाला, बायकांनी टोकलं तेव्हा. एकजण म्हणाली, आईने वेणी घातली तेव्हा. ते गाईडातलं होतं. बाई मागे बघून म्हणाल्या, "यमुनाताई, तुम्हाला काय वाटतं?"

यमुना उभी राहिली. उभं राहायचं असतं, हे तिच्या पायांना अजून आठवत होतं.

"बाई, ती बायकांनी टोकल्यावर नाय झाली मोठी. पान्यातल्या मैत्रिनी तिला हाका मारतात ना, मग ती त्यांना बोलते, 'तुम्ही पोहा.' तेव्हा झाली."

'नाय'वर दोन-तीन मुलं हसली. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "असं का वाटतं?"

"कारन तसं एकदा बोललं की मग कोनी हाका मारत नाय." ती पुस्तकाकडे बघत बोलत राहिली. "पलीकडच्या वाडीतली लुसी माझ्या वर्गात होती. ख्रिस्ती. आम्ही खाडीच्या बांधावरून एकत्र शाळेत जायचो. माझी शाळा सुटली तरी ती रोज बांधावर येऊन हाक मारायची. माझ्या काखेत भाऊ. मी बोलायची, उद्या येते. महिनाभर असंच. मग एक दिवस मी बोलले, लुसी, तू जा. दुसऱ्या दिवशी ती आली नाय. मला वाटलं होतं, येईल."

वर्गात कोणी हसलं नाही. बाईंनी खडू हातात घेतला, पण फळ्यावर काही लिहिलं नाही. "बसा," त्या हलकेच म्हणाल्या.

दुपारी जागृती घरी आली ती दप्तर टाकून सरळ मागच्या पडवीत गेली. यमुना मागोमाग गेली.

"घरातलं सगळं तिकडे का सांगितलंस?"

"घरातलं काय सांगितलं? माझंच सांगितलं."

"सगळे मला विचारत होते. ती लुसी कुठे असते, तुझी आई अजून शाळेत येणार काय." जागृतीने वेणी पुढे ओढली. "आई, उद्या नको येऊ."

यमुनाने पडवीतला सुकलेला कपडा ओढून घडी घातली. "बरं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पहिल्या तासाला ती अंगणवाडीच्या कुलूपबंद दारापाशी बसली होती. दहाला तीन तास होते. घरी बसवेना म्हणून ती आली होती. शाळेची घंटा इथवर ऐकू येत नव्हती, तरी तिला नेमकं कळलं की आता घंटा झाली असेल, आता हजेरी, आता बाई पुस्तक उघडत असतील. आज शेवट शिकवतील. त्या शेवटाबद्दल बाई काय म्हणाल्या, हे जागृतीने संध्याकाळी स्वतःहून वहीतून वाचून दाखवलं, चार मुद्दे. यमुनाने ते उतरवून घेतले. पण ते नुसते मुद्दे होते.

मार्चात दोघी वेगवेगळ्या केंद्रांवर परीक्षेला बसल्या. जागृतीला अडुसष्ट टक्के पडले. यमुना गणितात नापास झाली, ऑक्टोबरात सुटली. मराठीत तिला एकोणऐंशी मार्क होते, लेकीपेक्षा सहा जास्त. जागृतीने ती मार्कशीट शेजारणीला नेऊन दाखवली, आपली नाही. दोन हजार एकमध्ये यमुना सेविका झाली. भागूबाई आता पाहुण्यांना सून दाखवून "आमची अंगणवाडीची बाई" असं सांगायची.

यमुना मधूनमधून विरारला विनिता बाईंच्या फ्लॅटवर जायची, भाजी नाहीतर करंदी, ती बारीक सुकी कोळंबी, घेऊन. परतताना पिशवीत एक पुस्तक असायचं. तिने खूप गोष्टी वाचल्या, मुलं-मुली मोठी होण्याच्या. त्या चांगल्या असत. पण गोष्ट संपली की खोलीत आपण एकटेच. शेवटच्या बाकावर ती दोनच तास बसली होती, आणि तिसरा तास तिला अजून हवा होता. हे ती कोणाला सांगू शकली नाही. ऐकणारा हसला असता असं नाही, पण त्याला ते फार लहान वाटलं असतं.

दोन हजार चारच्या मे महिन्यात बाई निवृत्त होऊन साताऱ्याला निघाल्या. यमुना आवराआवरीला गेली. खोके बांधून झाले. टेम्पो चारला येणार होता, तीन वाजले होते. बाई म्हणाल्या, "काही हवंय का इथलं? कपाट, टेबल, काहीही न्या."

यमुनाने पदर सारखा केला. "बाई, मला एक तास पायजे."

"कसला तास?"

"मराठीचा. कुठलाही धडा घ्या."

बाईंनी बांधलेल्या एका खोक्याची सुतळी सोडली, वरचंच एक जुनं पुस्तक काढलं आणि चष्मा लावला. यमुना समोर खोक्यावर बसली. बाईंनी आधी तारीख सांगितली, मग धड्याचं नाव. एका मुलाची गोष्ट होती, त्याच्या मोठ्या भावाच्या लग्नातली. बाई वाचत गेल्या, जिथे थांबायचं तिथे थांबत गेल्या. शेवटी त्यांनी प्रश्न विचारला.

यमुना उत्तर द्यायला उभी राहिली. उत्तर लांबत गेलं. खाली टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, तरी बाईंनी तिला मध्ये थांबवलं नाही.