सुझोऊच्या पुलाखालची सही

स्मृती पाटणकर मूळची मिरजेची. सौदीतल्या जेद्दा शहरात एका खासगी इस्पितळात बायोमेडिकल इंजिनीअर म्हणून तिला अकरा वर्षं झाली होती. यंत्र स्वतः चालवून पाहिल्याशिवाय ती सही करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि काहींना ते खुपतही होतं. गेल्या मार्चमध्ये नवजात बाळांना ऊब देणाऱ्या तीस काचपेट्या, म्हणजे इन्क्युबेटर, घ्यायचं ठरलं, तेव्हा तपासणीला तिलाच चीनला धाडलं. सोबत खरेदी विभागाचा फहाद.

चाचणीच्या दिवशी सकाळीच पेट्या बनवणाऱ्या कारखान्याची लिन नावाची बाई हॉटेलवर हजर. "आज कारखान्यात वीज नाही. चला, सुझोऊच्या जुन्या बागा दाखवते, मग कालव्यांचं गाव. चाचणी उद्या करू."

उद्या दुपारी तर परतीचं विमान होतं. स्मृतीने तसं सांगितलं, पण फहाद गाडीत बसलासुद्धा. "यल्ला, चल ना, स्मृती! एक दिवस तरी मोकळी हो."

बाग देखणी होती. पांढऱ्या भिंतींत गोल दारं, तळ्यावरून वळणं घेत जाणारी वाट. पण एका दारातून आत गेलं की मागचं दार दिसेनासं व्हायचं. लिन सतत फोनवर दबक्या आवाजात बोलायची आणि स्मृती जवळ आली की गप्प व्हायची.

कालव्यांच्या गावात ते नावेत बसले. पाणी गडद हिरवं, दोन्हीकडच्या घरांच्या पायऱ्या थेट त्यात उतरलेल्या. नाव एका पुलाखालच्या अंधारात शिरली, तेव्हा लिनने पिशवीतून कागद काढले. "इथेच सही करून टाका. उद्याची धावपळ वाचेल."

स्मृतीने मोबाइलच्या उजेडात वाचलं. आज सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात तीसही पेट्या तिच्यासमोर तपासल्या, असं लिहिलं होतं. घड्याळात दीड वाजला होता.

"आज वीज नव्हती ना?"

लिनने हसून पेन पुढे केलं. फहादने नजर चुकवली. "खलास, संपव ना एकदाचं. मी केलीय सही."

पुढच्या धक्क्याला नाव लागताच ती उतरली आणि एकटीच टॅक्सीने कारखान्याकडे निघाली. वाटभर फोन वाजत होता. तिने उचलला नाही.

ती पोचली तेव्हा कारखान्याची खिडकी न् खिडकी उजळलेली होती. आत बिनखिडक्यांच्या गोदामात पेट्यांच्या खोक्यांना खिळे ठोकणं चालू होतं. ती एका खोक्यापुढे ठाण मांडून बसली. शेवटी नाइलाजाने त्यांनी एक पेटी उघडून चालू केली. आतलं तापमान अडतीसच्या वर गेलं की भोंगा वाजायला हवा. एकोणचाळीस झालं. चाळीस. पेटी गप्प.

तेवढ्यात कोणीतरी दिवे घालवले. स्मृतीने मोबाइलची बॅटरी लावली आणि एकेका खोक्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढत गेली. दोन माणसं तिच्या मागोमाग चालत होती. अडवत नव्हती. फक्त चालत होती.

तिचा अहवाल पाहून जेद्दातल्या संचालकांनी व्यवहार रद्द केला. पुढे मे महिन्यात स्मृतीचा करार वाढवला नाही आणि कारण कोणी सांगेना. फहाद मात्र आपल्या खुर्चीवर होता.

"तू तुझं काम केलंस. आता सोड," नवरा, रूपेश, म्हणाला.

"त्या पेट्या कारखान्याने फेकून दिल्या असतील असं वाटतं तुला? सौदीतल्याच दुसऱ्या इस्पितळांना विकल्या असतील."

तिने ते तीस क्रमांक सौदीभरातल्या ओळखीच्या प्रत्येक परिचारिकेला पाठवले. पाचव्या आठवड्यात अल खफजीच्या एका लहान इस्पितळातून तिथल्या परिचारिका सुधाताईंचा फोन आला.

"स्मृती, अगं, तुझ्या यादीतले दोन नंबर आमच्याकडे आहेत."

"आत बाळ आहे?"

"एकीत आहे. आत्ताच निजलंय."

"सुधाताई, आधी त्याला बाहेर काढा. मग बोलू."

फोन चालूच राहिला. घाईची पावलं, कडी सरकल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग बारीक, चिरकं रडणं.

"अंग भाजतंय गं त्याचं," सुधाताई म्हणाल्या. "पण रडतंय. डॉक्टर आलेत."

संध्याकाळी बाळाचा ताप उतरल्याचा निरोप आला. स्मृतीने यादीतल्या दोन क्रमांकांवर रेघ मारली. अठ्ठावीस उरले होते. तिने पुढच्या इस्पितळाचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली, कोणी उचलेना.