आप्पांचं प्रस्थान आणि लेकीचा पास

माझ्या चुलत सासऱ्यांएवढी तिकिटं काढून ती रद्द करणारा माणूस उभ्या भारतवर्षात दुसरा नसेल. आप्पा इस्लामपूरजवळच्या गावचे. घरचा ऊस, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, मिशा अजून कडक. पण प्रवासाचं नाव निघालं की त्यांच्यातला सुभेदार मागं सरतो आणि पंचांग पुढं येतं. कधी अमावस्या आडवी येते, कधी मांजर, कधी एखादा भोळा शेजारी "कुटं निघाला?" म्हणून विचारतो आणि सगळंच मोडतं. एकदा दिल्लीला जुन्या मित्राकडं जायचं तिकीट बदलायला ते मला स्टेशनावर घेऊन गेले. "अमुशा हाय, परवाचं करून द्या," असा त्यांनी खिडकीत हुकूमच सोडला. आतले गृहस्थ म्हणाले, "आजोबा, रेल्वेला अमावस्या नसते." आप्पा म्हणाले, "म्हनून तर लेट हुती!" मागच्या रांगेतले लोक खदाखदा हसले आणि मी भिंतीवरचं वेळापत्रक फार मन लावून वाचू लागलो.

अमावस्येवर त्यांच्याकडं तोडगा नाही, मुहूर्तावर मात्र आहे: प्रस्थान. मुहूर्त आज असला आणि गाडी चार दिवसांनी, तर एक पिशवी मुहूर्तावर घराबाहेर काढून वाटेवरच्या घरी ठेवायची. म्हणजे प्रवासाला आजच आरंभ झाला. वाटेवरचं घर म्हणजे आमचं, साताऱ्यातलं. पुणं, मुंबई, दिल्ली, कुठंही जायचं झालं तरी आप्पांच्या मते सातारा वाटेवरच असतो. पुढं जाणं रद्द झालं तरी पिशवी मागं न्यायची नाही, अपशकुन होतो. त्यामुळं आमच्या घरी त्यांच्या न झालेल्या प्रवासांच्या पिशव्या साठल्या आहेत. पाहुणा आला की बायको आधी त्या कॉटखाली सारते.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये त्यांची एकुलती एक लेक होती. ती शिकायला जर्मनीला गेली, तिथंच तिथल्याच मुलाशी लग्न केलं. आप्पा लग्नाला गेले नाहीत. त्या वेळी ना पंचांग काढलं, ना तिकीट. "तुजी तू मोकळी," एवढंच म्हणाले आणि नंतर शेतात जाऊन बसले. पुढं तिला मुलगी झाली, ती चालायला लागली, तरी आजोबांनी तिला फोनच्या काचेतच पाहिलेलं. या वर्षी लेकीनं विमानाचं तिकीट पाठवलं आणि सोबत तिथल्या रेल्वेचा पास. विमानतळापासून तिच्या गावापर्यंत दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि वडिलांची ख्याती तिला ठाऊक. म्हणून कुठल्याही गाडीत बसता येईल असा, मोबाईलमध्ये राहणारा, सुरू केल्यापासून मोजकेच दिवस चालणारा पास. तिनं बजावलं होतं, "आप्पा, इथं उतरल्यावरच पास सुरू करायचा. आणि या वेळी नाही आलात तर मी पुन्हा बोलावणार नाही."

आप्पांनी मुहूर्त काढला. विमानाला अजून बराच अवकाश होता. ठरल्या दिवशी आमच्याकडं आले, पाटावर पिशवी ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, सुपारी ठेवली. मी चहा आणायला आत गेलो, तेवढ्यात त्यांनी मोबाईलही पाटावर ठेवला आणि कुंकवाच्या बोटानं पास सुरू करून टाकला. मी कप हातात घेऊन उभाच राहिलो.

"पिशवी निगाली, मग पास मागं कसा ठिवायचा, पाव्हणं?"

पासाचे दिवस आमच्या बैठकीत बसल्या बसल्या संपायला लागले. नियम वाचला: सुरू न केलेला पास परत करता येतो, सुरू झालेल्या पासाचा परतावा नाही, तारीखही बदलत नाही. पास विकणाऱ्या कंपनीला मेल पाठवले, त्यांच्या यंत्राशी चॅटवर गप्पा मारल्या, शेवटी परदेशातल्या एका बाई फोनवर सापडल्या. त्यांना मी माझ्या इंग्रजीत प्रस्थान समजावलं. त्यांनी विचारलं, प्रवाशानं प्रवास केला का? म्हटलं, नाही, त्यांच्या पिशवीनं आरंभ केला. पिशवी सध्या कुठं आहे? म्हटलं, माझ्यासमोर, पाटावर. त्यांनी 'प्रस्थान'चं स्पेलिंग विचारलं. "तिला म्हनावं, सायबाला फोन दे, सुभेदार बोलतोय," आप्पा मागून ओरडत होते. साहेब आले नाहीत. नियम तोच राहिला.

मी म्हटलं, आप्पा, साधं तिकीट नवीन काढू. त्यांनी मान हलवली. मिशा प्रथमच खाली झुकलेल्या दिसल्या. "लेकीनं इतक्या वर्सांनी एक वस्तू दिली, ती बी मला सांबाळता आली न्हाई. कुठल्या तोंडानं जाऊ? इमानाचं तिकीट रद्द करा." मी वैतागलो, चिडलो, हात जोडले. या माणसापुढं डोकं फोडून घ्यावं, असं मला वाटलं. शेवटी अंगणात जाऊन मीच त्यांच्या लेकीला फोन लावला. पास गेला आणि का गेला, ते सगळं सांगितलं. आता ती भडकणार, नव्या सबबीबद्दल मला दोन शब्द ऐकवणार, अशी तयारी ठेवली होती.

पण ती म्हणाली, "प्रस्थान ठेवलं आप्पांनी? माझ्याकडं यायला?" तिनं नाक ओढलं. "माझ्या लग्नाला त्यांनी साधी पिशवीसुद्धा उचलली नव्हती, भाऊजी. पास जाऊ दे. विमानतळावर मीच येते त्यांना न्यायला."

मी आत येऊन हे सांगितलं. आप्पा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसले. त्यानंतर रद्द करायचं नाव त्यांनी काढलं नाही. मुंबईच्या विमानतळावर त्यांना सोडताना दाराशी एकाएकी थांबले. मला वाटलं, आडवं मांजर गेलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, "पाव्हणं, नात तर मला वळखनार न्हाईच. पन लेक वळखंल न्हवं?"

मी "होय" म्हटलं. मागून लोक ढकलत होते. ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.