दोन आळ्यांचा एक पणजा

"बाय, यो आमचा पनजा हाय. त्याचा नाव टाक आणि विषय संपव." म्हात्रेकाकांनी फोटोवर बोट आपटलं.

"कसला तुमचा पनजा?" घरतकाका खुर्चीतून उठलेच. "मिशी बघ ना! तुमचे आलीत कोनाला अशी मिशी येते तरी का?"

फोटो इंग्रजांच्या काळातला. देवीचं देऊळ, दाराच्या उजव्या पायरीवर एक फेटेवाला. हातात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी. रुबाब असा, की कुणालाही वाटावं, हा आपल्या घरातला असता तर बरं झालं असतं.

मी बेलापूरच्या एका खासगी आर्काइव्हमध्ये काम करते. आर्काइव्ह म्हणजे जुने कागद, नकाशे, फोटो सांभाळायची जागा. बाबा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

आमच्याकडे एका इंग्रज साहेबाने काढलेल्या फोटोंची पेटी आहे. आजवर ती फक्त पीएचडीवाल्यांनी उघडली. आमच्या डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, ज्या गावांचे फोटो, त्या गावांनाच विचारू. फोटोत काय आहे ते लोक सांगतील, आपण लिहून घेऊ, मग प्रदर्शन गावातच भरवू. याला कोलॅबरेटिव्ह रिसर्च म्हणतात. पहिलं गाव द्रोणागिरीजवळचं निवडलं. ते नीट पार पडलं तर प्रोजेक्ट पुढे चालणार आणि माझं कॉन्ट्रॅक्टही. नाहीतर दोन्ही बंद.

मॅडमनी फक्त सुरुवात म्हणून फोटोखाली एक ओळ लिहिली: 'देवळाच्या पायरीवर गावचा मानकरी.' फेटा, मिशी, काठी बघून त्यांना तसं वाटलं. मलाही वाटलं.

आम्हाला ठाऊक नव्हतं ते असं. जत्रेत पालखी निघताना उजव्या पायरीवर जो उभा राहतो, त्याचा पहिला खांदा. हा मान कुणाचा, यावर म्हात्रे आणि घरत या दोन आळ्यांचा जुना वाद. तोडगा म्हणून एक वर्ष यांचा, एक वर्ष त्यांचा. आणि आता आम्ही पुरावाच आणून दिला होता. तोही छापून.

"नाव नाय टाकला तर शाळेचा हॉल नाय," म्हात्रेकाका म्हणाले.

"आणि त्यांचा टाकला तर गावात पाय नाय," घरतकाका म्हणाले.

एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत होतं, की मला सुखाने जाऊ द्यायचं नाही.

ऑफिसात परतले आणि पेटीतले बाकीचे फोटो स्कॅन करायला घेतले. दुसऱ्या जिल्ह्यातली लेणी. खांबाशेजारी एक माणूस. फेटा, मिशी, पट्ट्यांची काठी. पुढचा फोटो दीपगृहाचा. तोच माणूस. मग एक पूल. पुलाखाली पुन्हा हाच, तितक्याच रुबाबात.

मी एकटीच हसत सुटले. आमच्या धंद्यात याला स्केल फिगर म्हणतात. देऊळ किती उंच हे फोटोत कळावं म्हणून शेजारी माणूस उभा करायचा. काठीवरचे पट्टे मापाचे. म्हणजे मानकरी नव्हेच, साहेबाबरोबर फिरणारा गडी. काठी पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "दिलगिरीचा ईमेल टाकू या. आजच."

"मॅडम, ईमेलने काय होणार? दोघंही म्हणतील, समोरच्याने यांना फोडलं. त्यांचं त्यांना सापडू दे ना. कोलॅबरेटिव्ह आहे ना आपलं?"

मॅडमनी उघडलेला ईमेल बंद केला. मग म्हणाल्या, "तू फार वाईट आहेस. प्रिंट काढ."

सीवूड्सच्या फ्लेक्सवाल्याकडून मोठे प्रिंट काढले. दोन्ही आळ्यांना निरोप धाडला, की नाव टाकण्याआधी एकदा सगळे फोटो बघून जा. तेवढ्यापुरता हॉल मिळाला. मी प्रिंट ओळीने टांगले, खाली एक अक्षर लिहिलं नाही, आणि चहा सांगून कोपऱ्यात बसले.

दोघे दोन टोकांनी बघत आले. लेण्यांपाशी घरतकाका थांबले. दीपगृहापाशी म्हात्रेकाका. पुलापाशी दोघं समोरासमोर.

"तुमचा पनजा बराच फिरलाय," म्हात्रेकाका म्हणाले.

"आमचा? आता आमचा का? परवा तर तुमचा व्हता!"

"मिशी बघ ना. तूच बोल्लास, घरतांची मिशी."

"मिशीचा काय, कोनालाबी येते!"

मागे बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून खिदळायला लागल्या. घरतकाकू तर खुर्चीवरून घसरल्या. "साहेबाचा गडी पायरीवर उभा," त्या म्हणाल्या, "आणि तुमी पुरुष त्याचेसाठी डोकी फोडता!"

मग मी मापाच्या काठीचं सांगितलं. कुणी रागावलं नाही, कारण रागवायचं कुणावर हेच ठरेना. मान होता तसाच राहिला, आलटून पालटून. हॉल पक्का झाला. फोटोखालची ओळ दोघांनी मिळून सांगितली, मी जशीच्या तशी छापली: 'साहेबाचा माणूस. नाव माहीत नाही. दोन आळ्यांनी मागितला, दोघांनी परत केला.' प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी त्याच फोटोपुढे. बाकीच्या फोटोंतली मिठागरं, होड्या, बांध लोकांनी न भांडता सांगितले.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मॅडम आता फोटोखाली काही लिहीत नाहीत. आधी मला विचारतात.

त्यानंतर एका रविवारी कोपरखैरण्याला घरी बाबांना मोबाइलवर एक फोटो दाखवला. आमच्या साताऱ्याकडचा घाट, वळणावर तोच फेटेवाला. "हा कोण असेल?" मी विचारलं. बाबांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला.

"अगं, हा तर आपल्या भावकीतला," ते म्हणाले. "मिशी बघ की."

तेव्हापासून माझा नियम एक. फोटोतला माणूस कोण, हे नंतर. तो तिथे कशाला उभा आहे, हे आधी विचारायचं. आणि बाबांना विचारायचंच नाही.