यादीत राहिलेलं नाव

राहेल मॅडम शिरूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या आणि राहायच्या तळेगाव ढमढेऱ्यात. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक पोरापोरीचं नाव मतदार यादीत गेलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. अर्ज आणायच्या, भरून घ्यायच्या, वर्गात लुटूपुटूचं मतदान घ्यायच्या. आणि बजावून सांगायच्या, "घरातलं माणूस वारलं तर त्याचं नाव कमी करून घ्या. नाहीतर दुसराच कोणी त्याच्या नावावर मत टाकून जातो."

दोन हजार तीन साली त्यांचा एकुलता एक मुलगा ख्रिस्तोफर अठराचा झाला. त्या खेपेचा पहिला अर्ज त्याचाच. मग तोही आईच्या कामाला लागला, मोटरसायकलवरून गावोगावचे अर्ज गोळा करायला लागला. म्हाळसा तळेगावातलीच, राहेल मॅडमची विद्यार्थिनी. तिचं नाव घालायला तिचे वडील हरिबा काही तयार होईनात.

"लगीन झाल्यावं सासरी लागंल की तिचं नाव."

"लग्न होईल तवा होईल, आबा," ख्रिस्तोफर म्हणाला. "तोवर तिनं कुठंच नसावं का?"

हरिबांनी अर्ज लेकीपुढं सरकवला आणि म्हणाले, "भर बाई."

डिसेंबरात केंदूरहून अर्ज घेऊन परतताना शिक्रापूरजवळ ट्रकनं त्याला उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

पुढं नवी यादी लागली. नव्या नावांच्या पुरवणीच्या पानावर ख्रिस्तोफरचं नाव होतं. मॅडमनी नाव वगळायचा अर्ज घरी आणला, तेव्हा त्यांचे यजमान येशुदास म्हणाले, "राहू दे गं. कुठंतरी तरी त्याचं नाव असू दे."

वर्गात आपण काय सांगतो ते मॅडमना ठाऊक होतं. तरी हात धजला नाही.

एप्रिलात मतदान आलं. शाळेतल्या रांगेत म्हाळसा त्यांच्या पुढंच उभी होती, पहिल्यांदाच मत द्यायला आलेली. तिचं नाव शोधायला टेबलावरच्या कर्मचाऱ्यानं पुरवणीचं पान उघडलं आणि नावाखाली रेघ ओढली. मॅडमची नजर त्याच पानावर गेली. ख्रिस्तोफरच्या नावाखाली आधीच रेघ होती.

"हे नाव..." त्यांनी बोट ठेवलं.

"ते मत देऊन गेले मॅडम, मगाशीच."

म्हाळसाच्या लक्षात आलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तक्रार करा."

पण मॅडमच्या तोंडून भलतंच आलं. "कसा होता दिसायला?"

"एवढ्या गर्दीत कुठं बघणार, मॅडम? पोरगाच होता. निळा शर्ट होता बहुतेक."

त्यांनी तक्रार केली नाही. मत दिलं आणि शाळेच्या पायरीवर बसल्या. म्हाळसा शेजारी बसून राहिली.

घरी येऊन त्यांनी येशुदासांना सांगितलं.

"कुणाला दिलं असंल त्याचं मत?" त्यांनी विचारलं.

"ते कळत नसतं," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात दोघं शिरूरच्या तहसील कचेरीत गेले. कारणाच्या रकान्यात मॅडमनी 'मयत' लिहिलं. कारकुनानं अर्ज वाचला आणि मान वर न करता विचारलं, "मतदाराशी नातं?"

येशुदास पुढं झाले.

"आई हाय ती त्याची."