मागाच्या खड्ड्यातले पाय

गणपतराव गेल्याचा निरोप उमरेडच्या एसटीच्या कंडक्टरने आणला, तेव्हा मी इतवारीतल्या शेअर दलालाच्या पेढीवर फळ्यावर भाव लिहीत होतो. खडू हातात तसाच राहिला...

गणपतराव उमरेडचे विणकर, माझे जुने स्नेही. कापडावरून बोट फिरवून ते सूत ओळखत. गावाजवळच्या सूतगिरणीचे शेअर घेण्याआधीही ते तिच्या भिंतीला तळहात लावून आले होते. “यंत्र चालू हाय गा, हाताले कळते,” म्हणाले, आणि घरचा माग विकून शेअर घेतले. पुढे गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, आणि भाव मात्र चढू लागला. एका दुपारी त्यांनी मला फाटकाशी नेलं. भिंत गार होती. कान लावला, तर आत साधी पाखराची फडफडही नाही. “अंदर कोणीच नाही, मंग भाव कोण चढवून राहिलं गा?” ते हळूच म्हणाले, ओसाड घरात पावलं ऐकल्यासारखे. “विकून टाकू काय?”

कोण चढवतंय ते मला ठाऊक होतं. नवा मालक येतोय, ही अफवा पेढीच्या शेठच्या सांगण्यावरून चहाच्या टपरीवर मीच सोडली होती. घेणाऱ्यांना गिरणी नकोच होती. उद्या आपल्याहून महाग घेणारा भेटेल, एवढंच त्यांना हवं होतं. भाव वाढला की अफवा खरी वाटे, खरी वाटली की भाव वाढे. चार तोंडं फिरून ती माझ्याकडे परत आली, तेव्हा तर माझाही तिच्यावर विश्वास बसला... आजही त्याची भीती वाटते. “भिंतीले काय विचारता? फळा पाहा, थांबा,” मी म्हणालो.

“तू शिकेल-सवरेल माणूस, बा,” ते हसले. थांबले.

मग एके सकाळी घेणारं कोणी उरलंच नाही, शेअरचे नुसते कागद झाले.

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. माग गेला तरी जमिनीतला त्याचा खड्डा राहिला होता. काठावर बसून ते पाय आत सोडत, आणि नसलेल्या पायपट्ट्या आळीपाळीने दाबत राहत. “काय विणून राहिले जी?” वहिनी चिडून विचारायच्या.

“भाव,” ते म्हणत.

परवा वहिनींना भेटायला गेलो. बसायला दुसरी जागा नव्हती, खड्ड्याच्या काठावरच पाय सोडून बसलो. टपरीपासून फाटकापर्यंत सगळं सांगून टाकलं. वहिनींची नजर खाली गेली.

“भाऊजी... पाय थांबवा जी तुमचे.”