ओढली की सुटणारी गाठ

आमचे डॉक्टर गोठ्यात शिरले की आधी गाईकडे बघत नसत, दाव्याकडे बघत. वाकून खुंट्याची गाठ सोडायची, आपल्या हाताने पुन्हा बांधायची, टोक मालकाच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "ओढा." मालक ओढायचा, गाठ सुटायची. "हां. ओढली की सुटली पाहिजे," असं म्हणून ती परत बांधायची आणि मगच स्टेथोस्कोप कानाला लावायचा. तोवर गाय पोट फुगवून उभी असायची आणि मालक मनातल्या मनात शिव्या मोजत असायचा.

डॉक्टर म्हणजे गुरांचे, सरकारी. मूळचे लातूरकडचे, एकटेच राहायचे. माझं पोलादपूरला औषधांचं दुकान आहे. औषधं माणसांचीच, पण मागच्या एका कपाटात जंताची, गोचिडांची औषधंही ठेवते, त्यामुळे त्यांचं येणंजाणं असे. संध्याकाळी गमबूट बाहेर काढून ते दुकानातल्या बाकावर बसत. बूट बाहेर राहिले तरी वास आत येई. गुरांच्या डॉक्टरशेजारी तुम्ही कधी बसला असाल तर मी काय म्हणते ते कळेल. नसाल बसला तर सांगून कळण्यातलं नाही.

त्या गाठीबद्दल तालुक्यात बरेच तर्क होते. कुणी म्हणे ती मंतरलेली आहे, कुणी म्हणे पगार वाढत नाही म्हणून डोक्यावर परिणाम झालाय. अडचण अशी झाली की गुरं माणसांपेक्षा लवकर शिकतात. वरच्या वाडीतली एक तांबडी गाय दाव्याचं टोक दातात धरून ओढायला शिकली आणि तिने सरपंचांची वालाची शेंग न् शेंग फस्त केली. गावकी बसली. गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष फोनवरून बसले. दोष गाईचा नाही, मालकाचा नाही, डॉक्टरांचा, असं एकमताने ठरलं. डॉक्टरांना देवळात नारळ ठेवायला लावला. त्यांनी मुकाट्याने नारळ ठेवला, हात जोडले आणि बाहेर पडताना खांबाला बांधलेल्या नवसाच्या बोकडाची गाठ बदलून आले. तेव्हापासून आमच्याकडे कुणाचा साखरपुडा मोडला की लोक म्हणतात, डॉक्टरची गाठ होती ती.

कामाचं म्हणाल तर माणूस एक आणि दवाखाने तीन. एक त्यांचा स्वतःचा, दोन 'अतिरिक्त कार्यभार'. सरकारात खुर्ची रिकामी ठेवायची असली की तिच्यावर अतिरिक्त कार्यभार ठेवतात. डोंगरातल्या वाड्यांत बिबट्याने शेळी मारली, पंचनाम्याला डॉक्टर. गाईच्या कानात बिल्ला मारला, त्याचा नंबर मोबाईलवर चढवायला डॉक्टर. वाडीत नेटवर्क नाही म्हणून नंबर कागदावर घेऊन टेकाडावर चढायचं, तिथून चढवायचा. मग वरून निरोप यायचा की फोटोत गाय कॅमेऱ्याकडे बघत नाही, पुन्हा काढा.

एकदा ते एका म्हशीच्या बाळंतपणात होते आणि वरच्या साहेबांचा फोन आला. ताबडतोब हिरकणीवाडीला जा, ओळखीच्या पाहुण्यांच्या कुत्र्याला उलट्या होतायत. रोपवेने गड बघून आलेल्या त्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला कुणी कौतुकाने तीन प्लेट कांदाभजी खाऊ घातली होती. म्हशीचं उरकून डॉक्टर पोचेपर्यंत कुत्रा बरा होऊन चौथ्या प्लेटकडे बघत होता. बाईसाहेब म्हणाल्या, "किती उशीर? आमचं मूलच आहे हो ते." डॉक्टर म्हणाले, "मग मुलाला भजी कमी द्या." याची तक्रार गेली आणि डॉक्टरांना लेखी खुलासा द्यावा लागला.

हे सगळं ते दुकानात बसून सांगायचे आणि आम्ही हसायचो. हसवायची हातोटी होती त्यांच्यात. हसवणाऱ्या माणसाला कुणी 'कसे आहात' विचारत नाही. मीही कुठे विचारत होते?

एका संध्याकाळी मात्र ते बाकावर बसले नाहीत. काउंटरला टेकून म्हणाले, "मॅडम, झोपेच्या गोळ्यांची एक स्ट्रिप द्या."

"चिठ्ठी?"

"मी डॉक्टर आहे."

"मग बैलासाठी पाहिजे असेल तर बैलाला घेऊन या."

ते हसले, पण ते हसणं त्यांचं नेहमीचं नव्हतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, दाढीत एका बाजूला खपली होती. मी थट्टा सोडून नीट बघितलं. म्हटलं, "किती दिवस झोप नाही?" ते म्हणाले, "डोळे मिटतात. झोप येत नाही." मी गोळ्या दिल्या नाहीत. महाडच्या एका मोठ्या दवाखान्याचा पत्ता दिला आणि उद्याच जा म्हणून बजावलं.

गेले. परत आले तेव्हा मी म्हटलं, "काय म्हणाले?" तर त्यांनी बाकावर बसून सगळं साग्रसंगीत सांगितलं. दवाखान्यात शिरल्याबरोबर बाकावरच्या चौघांनी त्यांना ओळखलं. एकाची शेळी खोकत होती, एकाची गाय गाभण राहत नव्हती. एका चाचांचा हात मोडला होता, पण मोडक्या हाताने ते मोबाईलवर बैलाच्या खुराचा फोटो दाखवत होते. केबिनमध्ये शिरेपर्यंत यांची अर्धी ओपीडी झाली. आत मोठे डॉक्टर म्हणाले, "या, या. बरं झालं आलात. आमच्या लॅब्रेडोरचा कान सारखा खाजतोय." कानावर अर्धा तास बोलणं झालं. निघताना यांनी कसंबसं झोपेचं काढलं, तर मोठे डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुम्हाला काय होतंय? मोकळ्या हवेत फिरता."

आम्ही पुन्हा हसलो. मला त्या हसण्याचा आजही राग येतो.

खात्याला मात्र डॉक्टरांची काळजी होती, हे मान्य केलं पाहिजे. पशुवैद्यकांवर ताण वाढतोय असं कुणीतरी वर कळवलं असावं, म्हणून ताणमुक्तीची ऑनलाइन कार्यशाळा ठेवली. हजेरी सक्तीची, न लावल्यास कारवाई. डॉक्टर त्या वेळी तुडीलला एका गोठ्यात होते, हात खांद्यापर्यंत म्हशीच्या पोटात. मालकाने फोन त्यांच्या कानाशी धरला. व्याख्यात्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, सर्वांनी डोळे मिटा, आता वाहत्या पाण्याचा आवाज ऐका. आणि फोनमधून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरांनी मालकाला सांगितलं, बंद कर. मालकाला कळेना कसा बंद करायचा, तर डॉक्टर ओरडले. ते कधी ओरडत नसत, असं तो मालकच मला पुढे औषधाला आला तेव्हा म्हणाला. आठवड्याभरात नोटीस आली: कार्यशाळा अर्धवट सोडली, तसेच शेवटी अपलोड करावयाचा हसरा फोटो प्राप्त नाही.

यानंतर काही दिवसांनी पार्वतीबाई माझ्या दुकानात आल्या. डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीतल्या, साठीच्या, दोन गाईंवर घर चालवणाऱ्या. पायऱ्या चढताचढताच म्हणाल्या, "गो बाय, तुजा डाक्टर बरा नाय."

माझा कधीपासून झाला, असं विचारणार होते, पण त्यांचा चेहरा बघून आधी खुर्ची पुढे केली. बसवून पाणी दिलं. त्यांच्या गाईचं वासरू पोटात अडलं होतं, पुढचा पाय मागे दुमडलेला. डॉक्टरांनी दोन तास झटून सोडवलं. "वासरू जिता, गाय जिती. गाय चाटाय लागली त्येला. सगळा चांगला झाला, आनि ह्यो बाबा भुईवर बसला तो उठंचना. डोळ्यातना पानी. आवाज नाय, काय नाय, नुसता पानी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? गाईला गूळपानी केलेला, त्यातला त्याला पाजला. अंगावर गोणपाट टाकला. शेजारचे बघाय आले तर हाकलले. पडलेल्या जनावराला लगेच उठवायचा नसतो, त्योच सांगतो ना?"

मी म्हटलं, मी त्यांना महाडला पाठवलं होतं. पार्वतीबाई म्हणाल्या, "एकटाच? जनावर कदी एकटा जाता का डाक्टरकडं? मालक लागतो बरोबर. त्येला काय होता ता मालकान सांगायचा."

दर बुधवारी मुंबईहून एक मनाचे डॉक्टर महाडला येतात. बुधवारी मी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही दोघी डॉक्टरांना मध्ये बसवून रिक्षाने निघालो. वाटेत ते दोनदा म्हणाले की वाकणला लसीकरण आहे. पार्वतीबाईंनी दोन्ही वेळा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आत गेल्यावर मनाच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय?" आमचे डॉक्टर म्हणाले, "विशेष काही नाही." झालं, पार्वतीबाई पुढे सरकल्या. खुर्चीच्या मागे उभ्या राहून, एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवून त्यांनी गोठ्यात सांगतात तशी सगळी हकीगत दिली. चारा कमी झालाय. म्हंजे जेवान. कळपात बसत नाय. हाकेला मान उशिरा वळवतो. मोठा पाऊस लागला की थरथरतो, परवा माझ्या डोळ्यान बघितला. वय विचारलं तेव्हा त्यांनी बिनधास्त "धा-बारा येत असतील" म्हणून, गाईचं मोजतात तसं बाळंतपणांत, सांगितलं. माणसाचं विचारतायत हे मग लक्षात आलं. मनाचे डॉक्टर हसले नाहीत, खाली मान घालून लिहीत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पावसाने का थरथरता?"

मग आमचे डॉक्टर सांगू लागले. महाडात पुराचं पाणी शिरलं त्या वर्षीची गोष्ट. सावित्रीच्या काठच्या एका गावात त्यांनी गाईच्या मोडलेल्या पायाला प्लास्टर घातलं होतं. निघताना मालकाला सांगितलं, दोन्ही बाजूंनी घट्ट बांधा, रात्रभर जराही हलू देऊ नका, मी सकाळी येतो. त्या रात्री पाणी आलं. घरची माणसं माळ्यावर चढली म्हणून वाचली. सकाळी रस्ताच राहिला नव्हता. पाणी ओसरल्यावर हे चिखलातून तिथे पोचले ते त्या गाईचा पंचनामा करायला, कारण तो करायचं कामही यांचंच होतं.

"मालक चिडला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "त्याने मला बसायला पाट दिला. म्हणाला, तुमी सांगितला तसाच बांधलेला, डाक्टर. गाठ जरा पन ढिली झाली नाय."

हे तो बिचारा चांगल्या मनाने म्हणाला होता. डॉक्टरांचं ऐकलं, यात त्याला समाधान होतं. मी इतकी वर्षं त्या गाठीची टिंगल करत होते आणि टिंगल करताना एकदाही, हे का करता, एवढं साधं विचारलं नव्हतं. तालुक्यात कुणीच विचारलं नव्हतं.

मग पार्वतीबाईंनी हळूच विचारलं, "नाव काय व्हता गाईचा?"

"कपिली," डॉक्टर म्हणाले, आणि तोंडावर हात घेऊन रडले, या वेळी आवाज करून.

गोळ्या सुरू झाल्या, चिठ्ठीवर, माझ्याच दुकानातून. लांबची रजा घ्या असंही सांगितलं होतं. रजेच्या अर्जावर खात्याने विचारलं की आपल्या अनुपस्थितीत कार्यभार कोण सांभाळेल ते आपणच कळवावं. डॉक्टरांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा चेष्टेने उत्तर दिलं, माझ्याकडेच अतिरिक्त ठेवा. ते कागदावर लिहिलं नाही, मला सांगितलं. मनाच्या डॉक्टरांनी मग सरळ कडक शब्दांत लिहून दिलं तेव्हा रजा मिळाली. त्यांची बहीण कल्याणला असते, तिच्याकडे जायचं ठरलं. परत याल का, असं मी विचारलं नाही.

वीर स्टेशनवर आम्ही दोघी पोचवायला गेलो. पार्वतीबाईंनी खरवसाचा डबा आणला होता. गाडी उशिरा होती. फलाटावर चिटपाखरू नव्हतं, रुळांपलीकडे भाताचं शेत पिकून पिवळं झालं होतं. डॉक्टर बाकावर बसले, बॅग मांडीवर घेतली, बहिणीच्या मुलांबद्दल काही सांगायला लागले आणि वाक्य अर्ध्यात राहिलं. बघते तर मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, चक्क घोरत होते.

गाडीची घोषणा झाली तरी ते जागे झाले नाहीत. वळणावरून इंजिन दिसलं. मी बॅग उचलली आणि त्यांच्या खांद्याकडे हात नेला. पार्वतीबाईंनी माझं मनगट धरलं, दाव्याला घातलेल्या हातासारखं घट्ट, आणि नुसती मान हलवली. पुढची गाडी थेट संध्याकाळची होती, हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं.

गाडी आली, डबे समोर थांबले. दारातल्या एका माणसाने, चढताय का, म्हणून खूण केली. मी नाही म्हटलं. गाडी निघून गेली, तिचा आवाजही गेला. पार्वतीबाई फलाटावर त्यांच्या पायाशी मांडी घालून बसल्या आणि त्यांच्या तोंडावरच्या माश्या पदराने वारू लागल्या.