चष्मेवाल्याची दुपारची झोप

चष्मेवाल्याचं दुकान अरुंद होतं पण लांबलचक, आणि त्याच्या धंद्याला ते बरंच होतं. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वरचं अक्षर तव्याएवढं, आणि खाली उतरत उतरत शेवटची ओळ मुंग्यांच्या रांगेएवढी. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, पेटीतलं एकेक भिंग तिच्यात सरकवायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतं, की आधी बरं दिसत होतं?" हा एकच प्रश्न विचारण्यात या माणसाचं उभं आयुष्य गेलं. शेजारचा न्हावी म्हणायचा, "लग्नाआधी मुलगी बघायला गेला तेव्हाही यानं हेच विचारलं असणार."

ती मुलगी पुढे बायको झाली आणि दुकानातही आली. मागच्या बाकावर बसून ती काड्यांचे स्क्रू पिळायची, नाकाच्या पट्ट्या बदलायची आणि तोंडाने अखंड बोलत असायची. ती रागावली की मात्र दुकानात शांतता. तेव्हा नवऱ्याशी थेट बोलणं बंद, सगळा निरोप लेकीमार्फत. नवरा हातभर अंतरावर बसलेला असायचा आणि ही लेकीला म्हणायची, "त्यांना सांग, जेवण गार होतंय." लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यावर ती जागा न्हाव्याने घेतली. भिंतीपलीकडे हाक जायची, "अहो, त्यांना सांगा, दिवा बंद करायला." न्हावी कात्री थांबवून इमानेइतबारे निरोप पोचवायचा.

मग तिला धाप लागायला लागली, इस्पितळात ठेवावं लागलं. एका सकाळी ती म्हणाली, "मला आज काही बरं वाटत नाही." आणि हा म्हणाला, "तुला काही होत नाही. उगाच घाबरतेस." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो औषधं आणायला खाली गेला, तिथे रांग होती. परत आला तर खाटेभोवती पडदा ओढलेला. नर्स भली होती, तिने खरं ते सांगितलं. "बाई तुमच्यासाठी काहीतरी सांगत होत्या. 'त्यांना सांगा' एवढं म्हणाल्या. पुढचं राहिलंच."

एवढंच ते. पण हे दोन शब्द चष्मेवाल्याच्या जिवाला घोर लावून गेले. ज्या बाईने आयुष्यभर रागावल्यावरच असं म्हटलं, ती जाताना काय म्हणत होती? रागावून गेली, की जाता जाता राग सोडला होता? त्याला एवढंच हवं होतं. शोक करायलासुद्धा आधी ते कळायला हवं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. लोक भेटायला आले, त्याच्या डोळ्यांत टिपूस नाही. मागे लोक काय बोलले असतील ते बोलले.

आणि मग ती स्वप्नात यायला लागली. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा हा दार अर्धं ओढून बाकावर आडवा व्हायचा. डोळा लागला की बाई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत हजर. "अहो, ऐका ना," असं म्हणून ती काही सांगायला तोंड उघडायची. आणि हा शहाणा काय म्हणायचा? "थांब जरा, हातातलं होऊ दे." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, इथे बायको मेली तरी नवऱ्याची गेली नव्हती. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नसायचं की हे स्वप्न आहे. तो फ्रेम पुसत बसायचा, ती वाट बघून उठून जायची आणि मग याला जाग यायची. बाकाची कड धरून तो स्वतःला शिव्या घालायचा. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

हे त्याने फक्त लेकीला सांगितलं, फोनवर, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर. लेक म्हणाली, "बाबा, स्वप्नात असतानाच ओळखता येतं. काही खुणा असतात."

"कसल्या खुणा?"

"लिहिलेलं काही एकदा वाचायचं, नजर हटवायची, पुन्हा वाचायचं. स्वप्नात अक्षरं बदलतात. दिव्याचं बटण दाबून बघायचं. स्वप्नात दिवा धड लागत नाही. नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा. घेता आला, तर स्वप्न. स्वतःला विचारायचं, मी इथे आलो कसा? पण हे सगळं दिवसा करत राहायला हवं. जागेपणी सवय लागली, तरच झोपेत आठवतं."

चष्मेवाला कामाला लागला. गिऱ्हाईक तक्ता वाचायचं आणि त्याच्या पाठोपाठ हाही शेवटची ओळ दोनदा वाचायचा. एक म्हातारी वैतागून म्हणाली, "अहो, डोळे माझे तपासताय की तुमचे?" बटण दिवसातून इतक्यांदा दाबलं की ते सैल झालं. नाक चिमटीत धरायचा तो दाराशी उभा राहून, म्हणजे नेमका न्हाव्याच्या दारासमोर. न्हाव्याला मिरच्या झोंबल्या. "माझ्या दुकानाला वास मारतो का हो? रोज पुसतो मी. सरळ तोंडावर सांगा ना!" चष्मेवाल्याने खरं कारण सांगितलं नाही. सर्दी झाली म्हणाला. त्यावर न्हाव्याने त्याला आठवडाभर काढा पाजला.

सवय लागली खरी, आणि झोपेतही गेली. पण माणूस धंद्याचं डोकं बाजूला ठेवून झोपत नाही. एका दुपारी ती आली, खुर्चीत बसली. याने बटण दाबलं, दिवा लागला नाही. झालं, याने वायरमनला बोलावणं धाडलं, आणि अख्खं स्वप्न त्या वायरमनशी भांडण्यात गेलं. दुसऱ्या खेपेला त्याने तक्ता वाचला, नजर वळवली, पुन्हा वाचला. शेवटची ओळ बदलली होती. अगदी ढळढळीत बदलली होती. खूण पटायला आणखी काय हवं? पण चष्मेवाल्याला अक्षरं वेगळी दिसली तर त्याच्या मनात काय येणार? 'अरे, माझा नंबर वाढला.' त्याने जड फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग घालून बघत बसला. आता बरं दिसतं, की आधी? ती समोर बसून होती. "अहो, ऐका ना," म्हणाली. याने हाताने तिला थांबवलं. भिंग बदलून बघितलं, तर खुर्ची रिकामी.

त्या दिवशी त्याने लेकीला फोन केला. "पालथ्या घड्यावर पाणी. मला नाही जमायचं हे."

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "तुम्ही अक्षरं कशाला बघता? दिवा कशाला बघता? काखेत कळसा आणि गावाला वळसा. आई समोर बसली आहे, हीच खूण."

त्याला एकदम कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने फोन ठेवून दिला आणि पुढे बरेच दिवस तिचा फोन उचलला नाही. त्याला राग आला होता, आणि तो राग लेकीवर नव्हता. आई दिसली की स्वप्न समजायचं, म्हणजे काय? म्हणजे ती समोर हसत बसलेली असताना मनाशी म्हणायचं की ही गेली. आणि ते झोपेत आठवावं म्हणून दिवसा घोकायचं. तक्ता वाचणं सोपं होतं. हे कसं घोकायचं?

पण घोकलं त्याने. मागच्या बाकाकडे बघायचं आणि म्हणायचं, ती नाही. स्क्रू पिळताना तिचा छोटा पेचकस हातात घ्यायचा आणि म्हणायचं, ती गेली. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं, त्याला वाटलं आपल्यालाच काही सांगतायत. "कोण गेली?" "माझी बायको," चष्मेवाला म्हणाला, आणि हे वाक्य आपण आजवर कुणाजवळच बोललो नव्हतो, हे त्याच्या ध्यानात आलं.

एका दुपारी ती आली. खुर्चीत बसली, पदर सावरला. याच्या हातात एक फ्रेम होती. त्याने ती खाली ठेवली. तक्त्याकडे बघितलं नाही, बटणाकडे गेला नाही. तिच्याकडे बघत राहिला आणि मनाशी म्हणाला, ही गेली आहे, म्हणजे हे स्वप्न आहे. जाग येईल अशी भीती त्याला वाटली, पण आली नाही. तो स्टूल ओढून तिच्या पुढ्यात बसला.

"अगं, त्या दिवशी तू म्हणालीस, 'त्यांना सांगा'. पुढे काय सांगायचं होतं?"

तिने खरंच आठवून बघितलं. घरात कात्री कुठे ठेवली ते आठवताना जशी कपाळाला आठी घालायची, तशी घातली. मग म्हणाली, "अहो, ते तुम्हाला कुठे माहीत आहे? मग मला कुठून असणार?"

"मग एवढंच सांग. रागावून गेलीस का?"

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

संसाराच्या एवढ्या वर्षांत ती बाई एकदाही 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाली नव्हती. पडद्याच्या रंगापासून लेकीच्या नोकरीपर्यंत प्रत्येक गोष्टीत तिचं स्वतःचं म्हणणं होतं आणि ते तिने शेवटाला नेलं होतं. चष्मेवाल्याला तिथेच, स्वप्नातच, सगळं कळलं. समोर बसलेली ही त्याच्याच मनातून उठून आली होती. याला ठाऊक नव्हतं ते हिच्याजवळ नव्हतं, आणि जिच्याजवळ होतं ती ते घेऊन गेली. तो रडायला लागला आणि रडतच जागा झाला. भिंतीपलीकडे कात्रीची करकर थांबली. न्हावी दारातून डोकावला, त्याने अर्धं उघडं दार पूर्ण ओढून घेतलं आणि आलेल्या गिऱ्हाइकाला नंतर यायला सांगितलं.

संध्याकाळी त्याने लेकीला फोन लावला.

"बाळ, ओळखलं मी आज. भेटली."

"काय म्हणाली?"

आता तिच्या तोंडी काहीही घालता आलं असतं. म्हणाली, रागावले नव्हते. म्हणाली, पोरीला जपा. लेकीने विश्वास ठेवला असता, निदान ठेवल्यासारखं केलं असतं. शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेही होते.

"काही नाही," तो म्हणाला. "तिला माहीतच नाही, बाळ. मी म्हणेन तसं, म्हणाली."

पलीकडून लेकीचे हुंदके ऐकू आले, आणि त्याच्या मनात प्रथमच आलं की या पोरीला त्या सगळ्या खुणा एवढ्या नीट माहीत कशा.

"तूही तिला विचारलं होतंस?" त्याने विचारलं.

"तुमच्या आधीच," लेक म्हणाली. "मलाही तसंच म्हणाली. मला वाटलं, तुम्हाला तरी सांगेल."